चष्म्यातली बाई

क्लॅम्प पडल्याचा आवाज थिएटरमधल्या सगळ्यांनी ऐकला आणि तिथेच माझ्या हाताखालच्या त्या नर्स पोरीचं नशीब फिरलं. क्लॅम्प म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा स्टीलचा चिमटा. फरशीवर पडला की खणकन वाजतो. सिझेरियन चाललं होतं. बाळ निघालं होतं, रडलंही होतं, आणि मग आईचं रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला, पोरीनं क्लॅम्प दिला, दोघींचे हातमोजे रक्तानं बुळबुळीत झालेले, आणि तो निसटला. ट्रेमध्ये दुसरा तयार होता, तो तिनं लगेच दिला. मी समोरच उभी होते, मी पाहिलं. पण टेबलावरची बाई गेली. नंतर माणसं आठवायला बसली तेव्हा प्रत्येकाला आठवला तो खणकन आवाज.

मी त्या थिएटरची इन्चार्ज सिस्टर. माहेर साताऱ्याकडचं. नवरा चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या फॅक्टरीत, म्हणून लग्नानंतर इकडे आले आणि इथल्या लोणच्यात मुरले. माझी तमिळ ऐकून वॉर्डबॉय अजून तोंड फिरवून हसतात, पण रागवायची वेळ आली की माझ्या तमिळमध्ये एक चूक सापडायची नाही. आमचं हॉस्पिटल खाजगी, फार मोठं नाही, फार लहान नाही. नाव सांगून काही साधणार नाही.

ती पोर तंजावरकडची मराठी. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण महाराष्ट्र कुणी पाहिलेला नाही. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, "मज तुम्हांस अक्का म्हणायचं आहे, चालेल की?" मला वाटलं ही माझी टर उडवतेय. मग कळलं की तिच्या घरी असंच बोलतात, आणि वर तिलाच माझं मराठी टीव्हीतल्यासारखं वाटतं. थिएटरमध्ये ती मला सिस्टर म्हणायची, जेवणाच्या खोलीत अक्का. परगावी आपल्या भाषेत डबा उघडणारं माणूस मिळालं की जीव लागतोच. मी तिला हाताखाली घेतलं, ओरडले, शिकवलं, आणि ती चांगली तयार झाली. तिचे हात शांत होते. हे मी माया म्हणून सांगत नाही, मी मायेनं कुणाला मार्क देत नाही.

बाई गेल्यावर कमिटी बसली. कमिटी बसते तेव्हा तिला कुणावर तरी उठायचं असतं. डॉक्टरीणबाई गप्प राहिल्या. त्या वाईट नाहीत, पण त्यांचीही नोकरी आहे. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, आमच्या बाजूनं सगळं वेळेत. मी म्हणाले, क्लॅम्प पडल्यानं काही फरक पडला नाही, रक्त यायला उशीर झाला. त्यावर आमचे सुपरिटेंडेंट डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, त्याचा वेगळा विचार होईल." जे वेगळं विचारात घेतात ते कुठे घेतात हे मला आजतागायत कळलेलं नाही. शेवटी निष्कर्ष निघाला की स्टाफच्या हाताळणीत कमतरता होती आणि स्टाफला प्रशिक्षण हवं. वड्याचं तेल वांग्यावर काढलं ते असं.

प्रशिक्षण म्हणजे तो चष्मा. चेन्नईतल्याच शोळिंगनल्लूरच्या कुठल्याशा कंपनीनं बनवलेला. डोळ्यांवर काळा खोका बांधायचा, दोन्ही हातांत दोन मुठी धरायच्या, की आपण थेट ऑपरेशन थिएटरमध्ये. टेबल, दिवा, ट्रे, डॉक्टर, पेशंट, सगळं समोर. खरं काहीच नाही. मुठीचं बटण दाबलं की हात हत्यार उचलतो, सोडलं की हत्यार सुटतं. बाहेर टीव्हीवर बाकीच्यांना दिसतं आत काय चाललंय ते. तो चष्मा घातलेले सुपरिटेंडेंट डॉक्टर हवेत हात पसरून उभे आहेत असा मोठा फोटो खाली लॉबीत लागला. नातेवाईक त्या फोटोखाली बसून वाट बघायचे.

हुकूम असा निघाला की थिएटरच्या सगळ्या स्टाफनं चष्म्यातलं रक्तस्रावाचं ऑपरेशन पास करायचं. आणि त्या पोरीनं पास होईपर्यंत खऱ्या टेबलाजवळ उभं राहायचं नाही. तोवर तिनं हत्यारं धुवायची, कापडं घड्या करायची. कायम ठेवायचं की काढायचं हेही त्याच मार्कांवर ठरणार होतं. हे तिला तोंडावर सांगितलं गेलं, माझ्यासमोर.

नोकरीची तिला एवढी काळजी नव्हती. तिनं मनाशी धरलं होतं की ती बाई आपल्या हातानं गेली. एकदा जेवणाच्या खोलीत कुणाच्या तरी डब्याचं झाकण फरशीवर पडलं, तर ही ताडकन उभी राहिली आणि दोन्ही हात पोटाशी घेऊन थिजली. भात तसाच राहिला. मी म्हणाले, "अगं, झाकण होतं ते." ती म्हणाली, "होय अक्का, मज ठाऊक आहे." पण खाली बसेना. मला तिचा राग आला, तिची कीव आली, आणि त्या कमिटीतल्या एकेकाला ओळीनं उभं करून विचारावंसं वाटलं की हे बघा, ही तुमची कमतरता. अर्थात मी तसं काही केलं नाही. मी तिच्या डब्यातलं दही उचलून तिच्यासमोर धरलं.

चष्म्याची खोली म्हणजे आमची जुनी स्टोअररूम. तिथे कंपनीचा एक इंजिनिअर लॅपटॉप घेऊन बसायचा. तमिळ मुलगा, सभ्य, लाजाळू, रक्त बघितलं तर पहिल्यांदा तोच पडला असता. आधी मी चष्मा घातला. आतलं थिएटर आमच्यापेक्षा स्वच्छ होतं आणि तिथे कुणी कुणावर ओरडत नव्हतं. टेबलावर बाई होती. चेहरा कापडाआड, नुसतं पोट उघडं. रक्त आलं ते कुंकवाच्या पाण्यासारखं. ना वास, ना ऊब. खरं रक्त गरम असतं, मोज्यातूनही कळतं. मी सगळं ओळीनं केलं, रक्त मागवायच्या लाल चौकोनाला बोट लावलं आणि स्टँडवर पिशव्या लटकल्या. बोट उचलायच्या आत लटकल्या. बाई जगली, खाली हिरव्या अक्षरांत माझे मार्क आले. इंजिनिअरनं टाळ्या वाजवल्या. मला चक्कर आली होती, मी भिंत धरून उभी राहिले.

मग ती पोर. तिचे शांत हात आता थरथरत होते. मुठीवरचं बोट ढिलं पडलं आणि आतला क्लॅम्प तिच्या हातून सुटून आतल्या फरशीवर पडला. कंपनीच्या लोकांनी आवाजसुद्धा घातला होता, खणकन. ती बाहेर आमच्या खोलीत किंचाळली नाही, नुसता श्वास आत ओढला. मग दुसरा क्लॅम्प दिला, पुढचं सगळं केलं. मार्क कापले गेले, लाल अक्षरं आली, नापास. ती चष्मा काढून मान खाली घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, परत नापास. ड्यूटी संपल्यावर ती रोज येऊन बसायची. घरी जायच्या वेळेला मला तिची पाठ दिसायची, हवेत हात हलवणारी.

एकदा तिचं चाललेलं असताना मी टीव्हीसमोर उभी होते. क्लॅम्प पडला, नेहमीसारखा. लाल अक्षरं आली, नेहमीसारखी. ती गेली. आणि मग माझं लक्ष गेलं की पडद्यावरची बाई जिवंत आहे. कोपऱ्यातली नाडीची रेघ चालू होती. इतके दिवस आम्ही दोघी मार्कच बघत होतो.

मी इंजिनिअरला विचारलं, "क्लॅम्प पडला, तरी ही जगली कशी?"

तो म्हणाला, "मॅडम, एक क्लॅम्प पडून कुणी मरत नाही. मोठमोठ्या डॉक्टरांना विचारून बनवलंय. क्लॅम्प पडला तर फक्त मार्क जातात."

"मग ही मरते कशानं?"

"रक्त उशिरा आलं की." त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिथे एक आडवी पट्टी होती, तिच्यावर ठिपका. ठिपका डाव्या टोकाला. "हा सरकवला की रक्त उशिरा येतं. प्रत्येक हॉस्पिटलला आम्ही विचारतो, तुमच्याकडे रक्त यायला किती वेळ लागतो. तुमच्याकडून उत्तर आलं, ताबडतोब. म्हणून इथं ठेवलाय."

मी हसले. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं बाईंना काही झालं.

आमच्याकडे रक्त ताबडतोब कसं येतं ते सांगते. रक्तपेढी मागच्या अंगणापलीकडे, जुन्या इमारतीत. थिएटर सगळ्यात वरच्या मजल्यावर. वर यायला एक लिफ्ट. दुपारी त्याच लिफ्टमधून सांबार-भाताच्या ढकलगाड्या वर चढतात आणि प्रत्येक मजल्यावर थांबतात, कारण प्रत्येक मजल्यावर पेशंटला भूक लागते. जिना आहे, पण थिएटरच्या मजल्यावरचं त्याचं दार कुलूपबंद. एकदा एक पेशंट दगावला तेव्हा नातेवाईक जिन्यानं वर आले आणि काचा फोडल्या, एका सिस्टरच्या डोक्याला लागलं. तेव्हापासून कुलूप. त्या दिवशी बाईसाठी वर आणून ठेवलेल्या पिशव्या संपल्या, आणखी मागवल्या, आमचा अटेंडंट पेटी घेऊन अंगण ओलांडून धावत आला आणि लिफ्टसमोर उभा राहिला. लिफ्ट जेवण वाटत होती. तो जिन्यानं चढला, दार बडवलं, परत खाली उतरला. आम्ही आत वाट बघत होतो. रक्ताची वाट बघण्याला काही आवाज नसतो, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

मी इंजिनिअरला सांगितलं, ठिपका सरकव. किती, ते मी माझ्या आठवणीनं सांगितलं. त्यानं सरकवला. मी चष्मा चढवला. त्या दिवशी आम्ही जे केलं तेच केलं, फक्त क्लॅम्प पडू दिला नाही. लाल चौकोनाला बोट लावलं. स्टँड रिकामा. परत लावलं. रिकामा. नाडीची रेघ धावायला लागली, मग अडखळली, मग सरळ झाली. मी चष्मा काढला तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती. मग मी त्याला उलटं करायला लावलं: रक्त वेळेवर, आणि क्लॅम्प मी मुद्दाम टाकते. एक टाकला, दुसराही टाकला. बाई जगली.

संध्याकाळी आवडीला जाणाऱ्या लोकलमध्ये मला बसायला जागा मिळाली होती तरी मी दारापाशी उभी राहिले. पोरीला सोडवायचा पुरावा हाती लागला म्हणून मी इतकी खूश होते की आमचं स्टेशन मागे गेलं तेही कळलं नाही. उलट्या दिशेच्या गाडीनं परत आले. नवरा म्हणाला, "काय झालं? पगार वाढला की काय?"

सकाळी मी सुपरिटेंडेंट डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कॉफी मागवली. मग म्हणाले, "सिस्टर, तो एक गेम आहे. गेमवरून हॉस्पिटल चालवायचं का?"

"मग गेमवरून पोरीला टेबलावरून का काढलंत?"

ते थोडा वेळ कॉफी या ग्लासातून त्या वाटीत ओतत राहिले. "जिन्याचं दार बंद करा म्हणून तुम्हीच सगळे ओरडत होता ना? त्या सिस्टरच्या डोक्याला टाके पडले तेव्हा?"

ते खरं होतं. ओरडणाऱ्यांत मी पुढे होते. आम्ही घाबरलो होतो, आणि त्यात आमचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. दाराला माणूस ठेवा, म्हणजे दारही राहील आणि रक्तही येईल, असं मी म्हणाले. दुसरी लिफ्ट हवी हे मी पूर्वीही म्हटलं होतं. ते म्हणाले, नव्या इमारतीत होणार आहे. नवी इमारत अंगणात एका बोर्डावर रंगवलेली आहे, झाडांसकट.

मी उठताना ते म्हणाले, "त्या मुलीला आता जास्त ताणू नका. तिला पास करून टाका, तुम्हीच बघा काय ते." म्हणजे पोरीची नोकरी वाचली. मी दार ओढून घेत असतानाच त्यांनी कंपनीला फोन लावला. आमच्याकडच्या चष्म्यात पेशंट मरता कामा नये, असं ते बोलत होते, स्टाफचं मन खचतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, पण इथे संन्याशालाही सोडून दिलं होतं आणि चोर तर कुणी शोधतच नव्हतं. तरी मला वाटलं, निदान पोरीला तरी खरं कळू दे. आयुष्यभर ती झाकण पडलं की उठून उभी राहील, हे मला सहन होणारं नव्हतं. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, उद्या मला ती पट्टी बंद करायला सांगितलंय. आज काय करायचं ते करून घ्या."

दुपारी मी तिला बोलावलं. काही सांगितलं नाही, नुसतं म्हणाले, आज एकदा कर, आणि मार्कांकडे बघू नकोस. ठिपका त्या दिवसाच्या जागी होता. तिनं चष्मा चढवला. माझ्या आवाजात काही होतं की काय कोण जाणे, त्या दिवशी तिचे हात पूर्वीसारखे शांत होते. हत्यार मागायच्या आधी तयार. क्लॅम्प डॉक्टरच्या हातात नीट गेला. इतकं सुंदर काम मी खऱ्या टेबलावरही क्वचित पाहिलंय. मग तिनं लाल चौकोनाला बोट लावलं. थांबली. परत लावलं. "ब्लड," ती म्हणाली, आमच्या खोलीत, मोठ्यानं. मग तमिळमध्ये म्हणाली, रक्त कुठंय. मग परत बोट. ती चौकोनाला बोट लावत राहिली आणि दुसऱ्या हातानं पोटावर कापड दाबत राहिली, त्या हाताखाली काहीच नव्हतं. रेघ सरळ झाली तरी तिनं कापड सोडलं नाही. मीच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिनं चष्मा काढला. कपाळावर पट्ट्याचा वळ उठला होता. मी तिला सगळं सांगितलं, ठिपका दाखवला, मी स्वतः दोन क्लॅम्प टाकले तेही सांगितलं. म्हणाले, "बघितलंस? तुझ्या हातानं नाही गेली ती. कुणाच्याच हातानं नाही. आणि तू पास आहेस, तुझी नोकरी कुठं जात नाही."

मला वाटलं होतं ती रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं त्या पट्टीवर बोट ठेवलं. मग तिनं विचारलं, "अक्का, तो ठिपका आपल्याकडे अजून तिथंच आहे की?"

"हो."

"दार?"

"बंद आहे."

ती म्हणाली, "माझा हात चुकला होता तर मी हात सुधारला असता. रोज येऊन बसत होते ती त्याच्यासाठीच. म्हटलं, हिला वाचवायला शिकले की पुढची वाचेल." तिनं चष्मा टेबलावर ठेवला, हळू, वाजणार नाही असा. "अता मी काय शिकू, अक्का? तुम्हीच सांगा की."

मी इतकी वर्षं पोरींना शिकवत आलेय. मी तिला मोकळं करायला गेले आणि तिच्याजवळ जे एक उरलं होतं ते काढून घेतलं. हे मला तिच्यासमोर उभी असतानाच कळलं, पण सांगून झालेलं परत घेता येत नाही. इंजिनिअरला आमची भाषा कळत नव्हती, तो लॅपटॉपमध्ये बघत बसला.

ती पास झाली. तिचं प्रमाणपत्र आलं, टेबलाजवळची जागा परत मिळाली. महिनाभर ती उभी राहिली, हात एकदाही थरथरले नाहीत. प्रत्येक सिझेरियनला ती मला आधी विचारायची, जेवणाच्या गाड्या खाली आहेत की वर. मग तिनं राजीनामा दिला. डोळ्यांच्या दवाखान्यात लागली आहे, मोतीबिंदूची ऑपरेशनं असतात. फोनवर म्हणाली, इथं छान आहे अक्का, इथं रक्त मागवावं लागत नाही.

तिच्या जागी नवी मुलगी आली. हुशार आहे. पहिल्याच दिवशी चष्म्यातून बाहेर आली ती हसत, म्हणाली, सिस्टर, बाई वाचली. मी म्हणाले, छान. दुपार झाली होती आणि आमची पुढची केस टेबलावर घेतली होती. मी खाली फोन करून लिफ्ट कुठे आहे ते विचारलं. तिसऱ्या मजल्यावर, म्हणाले, जेवण चाललंय.